चेकरचं पाणी

देसलेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागतात. त्यात नवल काही नाही. पण पाणी आलं की ते पेला उजेडाकडे धरतात, नाकाशी नेतात, एक घोट तोंडात घेऊन या गालातून त्या गालात फिरवतात आणि गिळून झाल्यावर छताकडे बघत स्वस्थ बसून राहतात. चहा टाकायचा की नाही, हे यजमानाला कळत नाही. काकांच्या पायाशी त्यांचा कुत्रा बसलेला असतो आणि तो एकटक काकांच्या तोंडाकडे बघत असतो. बऱ्याच वेळाने काका मान हलवून म्हणतात, "डबल बेल." मग उरलेलं पाणी पिशवीतून काढलेल्या स्टीलच्या वाडग्यात ओततात, वाडगा जमिनीवर ठेवतात आणि कुत्रा चपचप पाणी पितो.

पूर्वी म्हणे राजाच्या ताटातला घास आधी चाखून बघायला एक माणूस ठेवलेला असायचा. आमच्या आंबिवलीच्या सोसायटीत ती नोकरी देसलेकाका बिनपगारी करतात. राजा गावठी आहे. रंगाने तपकिरी, एक कान उभा, दुसरा पडलेला, आणि नाव चेकर.

नावाचा खुलासा केला पाहिजे. काका आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. कंडक्टर जगात दोनच गोष्टींना भितो, एक घाटातला ड्रायव्हर आणि दुसरा मधल्याच स्टॉपवर गाडीत चढणारा तिकीट चेकर. निवृत्त झाल्यावरही काका सवयीने रोज सकाळी कल्याणच्या एसटी स्टँडवर जाऊन बसायचे. तिथे एक पिल्लू येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी हुंगत हिंडायचं. काकांनी त्याला एकदा बिस्किट दिलं आणि ते त्यांच्यामागोमाग रिक्षात चढलं. "जन्मभर चेकर दिसला की उठून उभा राहिलो, आता चेकर मला बघून उठतो," असं ते सांगतात आणि सांगताना दर वेळी तितकेच खूश होतात.

एसटीत एक घंटा म्हणजे थांब आणि दोन घंटा म्हणजे चल. काकांनी सगळं जग या दोन घंटांत वाटून टाकलेलं आहे. माझा नवा शर्ट सिंगल बेल. सुजाताच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या हातची भरली वांगी डबल बेल. सोसायटीचे सेक्रेटरी कायमचे सिंगल बेल. लग्न त्यांनी केलं नाही. मुक्कामी गाडीची ड्यूटी करता करता राहून गेलं, एवढंच सांगतात. रात्री गाडी ज्या गावात थांबेल तिथे, गाडीतल्याच बाकावर झोपायचं आणि पहाटे तीच गाडी घेऊन परत निघायचं, असा त्यांचा अर्धा संसार झाला. त्यामुळे गावागावाचं पाणी त्यांच्या जिभेवर आहे. एखाद्याचं गाव कळलं की ते त्याची जात, पगार, मुलं काही विचारत नाहीत. "तुमच्याकडे पाण्याला जरा मचूळ चव आहे ना?" असं विचारतात आणि समोरचा माणूस उगाचच ओशाळतो.

तरी हे आधी चाखण्याचं खूळ मूळचं नव्हतं. ते लागलं चेकरच्या आजारपणापासून. चेकर तेव्हा वर्षाचाही नव्हता. रस्त्यावरच्या डबक्यातलं पाणी तो प्यायला आणि तापाने फणफणला. डोळे पिवळे झाले, पोळीचा तुकडा पुढे केला तर मान फिरवायला लागला. काकांनी त्याला चादरीत गुंडाळून कल्याणला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोबत मी होतो. बाईंनी सांगितलं की असल्या डबक्यांत उंदरांची घाण मिसळलेली असते आणि त्याने कुत्री दगावतातही. सलाइनवर सलाइन लागलं. काका त्या टेबलाशेजारी स्टुलावर बसून राहिले. सलाइनचा थेंब पडला की ते मान खाली करायचे, पुढचा पडला की परत वर. त्या दिवसांत मी त्यांच्याकडून एकही घंटा ऐकली नाही.

चेकर वाचला. निघताना बाईंनी समजावलं की बाहेरच्या डबक्याला तोंड लावू द्यायचं नाही, भांडं रोज घासायचं, प्लास्टिकचं नको कारण त्याला चरे पडून बुळबुळ धरते, पाणी दिवसातून दोनदा बदलायचं. गावाला नेलंत तर घरचं पाणी थोडं बरोबर ठेवा, एकदम पाणी बदललं तर पोट बिघडतं. आणि शेवटी त्या म्हणाल्या, "फार विचार करू नका काका. जे पाणी तुम्ही स्वतः निर्धास्त पिता, तेच त्याला द्या."

दुसऱ्या कुणी हे वाक्य ऐकून सोडून दिलं असतं. काकांनी ते डेपोतून आलेल्या लेखी हुकमासारखं घेतलं. तुम्ही स्वतः पिता, म्हणजे आधी स्वतः प्यायलं पाहिजे. निर्धास्त पिता, म्हणजे प्यायल्यावर आपण निर्धास्त आहोत की नाही हे थोडं थांबून बघितलं पाहिजे. छताकडे बघत बसतात ते त्यासाठी. डॉक्टरीणबाईंना मी पुढे हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

आमच्याकडे नवा फिल्टर आला तेव्हा मी मोठ्या हौसेने काकांना बोलावलं. निळा दिवा, हिरवा दिवा, पाणी भरलं की मंजुळ आवाज, सगळं होतं. काकांनी घोट घेतला, गालात फिरवला, छत बघितलं आणि मला म्हणाले, "मिलिंद, ह्यात पाणी सोडून सगळं आहे रे. सिंगल बेल." चेकर लगेच उठून दाराशी जाऊन बसला. सुजाता दोन दिवस काकांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने नळाचं पाणी उकळून, गाळून, माठात गार करून त्यांच्यापुढे ठेवलं आणि डबल बेल मिळवली. फिल्टर अजून आहे. त्याच्यावर आम्ही किल्ल्या ठेवतो.

उन्हाळ्यात नळाचं पाणी एखादा दिवस बंद असतं आणि टँकर मागवावा लागतो. बाकीची सोसायटी बादल्या घेऊन धावते. काका आधी ड्रायव्हरच्या खिडकीशी जातात आणि कंडक्टरच्या जुन्या आवाजात विचारतात, "कुठून बसला?" म्हणजे पाणी कुठून भरलं. एका ड्रायव्हरने हात वर करून "तिकडून" असं सांगितलं. काकांनी ते ऐकून घेतलं आणि पुढच्या फेरीला सरळ त्याच्या शेजारी जाऊन बसले. परत आले ते टँकरच्या दारात उभं राहून, एक हात बाहेर काढून, पुढच्या रिक्षांना बाजूला करत. पाणी भरायची जागा त्यांनी स्वतः पाहिली होती आणि तिथे दोन घोट घेतलेही होते. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे कुणाचंही पोट बिघडलं नाही, हे मात्र सेक्रेटरीसुद्धा कबूल करतात.

गच्चीवरच्या टाक्या वेळच्या वेळी धुतल्या जातात त्याही चेकरमुळे. सोसायटीच्या सभेत हा विषय दरवर्षी निघायचा आणि दरवर्षी चहाबरोबर संपायचा. एका सभेला काका चेकरला घेऊन आले. सेक्रेटरी म्हणाले की कुत्र्यासाठी टाकी धुवायची म्हणजे कमाल झाली. काका उठून उभे राहिले. "माणसाला पाणी खराब लागलं तर माणूस बोंबलतो. हा कुणाला सांगणार?" असं म्हणाले आणि बसले. ठराव झाला, टाक्या धुतल्या गेल्या आणि काकांनी शिडी चढून गच्चीवर पहिला घोट घेतला.

या सगळ्याचा एक घोळ झाला. काकांना जशी आधी पिण्याची सवय लागली, तशी चेकरला काकांनी प्यायल्यावर पिण्याची. काका प्यायले नाहीत तर तो पाण्याकडे बघतही नाही. एकदा काका दाढ काढून घ्यायला ठाण्याला गेले आणि अर्धं तोंड बधीर घेऊन परतले. चेकर सकाळपासून तहानलेला, वाडगा पुढे भरलेला. काकांनी घोट घेतला तो ओठांच्या कडेने शर्टावर आला. चेकरने शर्टाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि मान पंजांवर ठेवली. बधीरपणा उतरून एक घोट खरोखर पोटात जाईपर्यंत दोघंही उपाशीतापाशी समोरासमोर बसून होते.

मग वैशालीचं लग्न निघालं. वैशाली म्हणजे काकांच्या थोरल्या भावाची, बाळारामदादांची मुलगी. दादा मुरबाडच्या पुढे गावी शेती करतात. काका गावाला फारसे जात नाहीत, हे आम्हाला माहीत होतं. का विचारलं तर "चेकरला तिथलं पाणी सोसत नाही" असं उत्तर यायचं आणि आम्हाला ते पटायचं. वैशाली पत्रिका घेऊन स्वतः आली तेव्हा काकांनी तेच सुरू केलं. पाणी बदललं की चेकरचं पोट, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय, वगैरे. ती पोरगी ऐकून घेत होती. मग म्हणाली, "काका, तू आला नाहीस तर मी हळदीला बसायची नाही. पाणी पायजे तेवढं सोबत आण." काका तिच्याकडे बघत राहिले. सुजाताने परस्पर सांगून टाकलं की मिलिंद गाडीने घेऊन येईल.

अशा रीतीने मे महिन्यातल्या एका दुपारी माझ्या छोट्या गाडीत मी, काका, चेकर आणि आंबिवलीच्या नळाच्या पाण्याने गच्च भरलेले दोन मोठे कॅन असे आम्ही निघालो. गावाकडून लोक शहरात पाणी आणतात, हे मी ऐकलं होतं. विहिरीच्या गावाला नळाचं पाणी नेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. एका कुत्र्याला दोन दिवसांत एवढं पाणी कशाला, असंही मनात आलं. पण काका प्रत्येक स्टॉपचं नाव पुकारण्यात आणि हात बाहेर काढून मला ओव्हरटेकची परवानगी देण्यात गुंतले होते, म्हणून मी विचारलं नाही.

दारात मांडव पडला होता. बाळारामदादा समोर आले. सत्तरीचा माणूस, उभा वाळलेल्या सागासारखा. त्यांनी माझं स्वागत केलं, चेकरच्या डोक्यावर हात ठेवला, मग गाडीतून उतरणारे कॅन पाहिले आणि मला विचारलं, "पाहुणं, आमची विहीर आटली असं कुणी सांगितलं काय तुम्हांला?" प्रश्न काकांना होता. काका मला म्हणाले, "मिलिंद, कुत्र्याचं पाणी आहे म्हणून सांग." दोघं भाऊ एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे होते आणि मी मध्ये टेलिफोनची तार झालो होतो. कॅन ओटीवर गेले. चहा आला तर काका म्हणाले की चहा सोडलाय. जेवताना त्यांनी कॅनमधलं पाणी घेतलं. मला वाटलं, चेकरसाठी चाखतायत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाकडची मंडळी आली. ती मोहन्याची. म्हणजे आमच्या आंबिवली स्टेशनापासून पायी जावं इतक्या अंतरावरची. ऊन असं की मांडवाची कापडंसुद्धा मलूल झालेली. व्याह्यांना पाणी दिलं गेलं. मुलाचे वडील, चांगले गलेलठ्ठ आणि बोलके गृहस्थ, त्यांनी पहिला पेला संपवला, दुसरा मागून घेतला, तिसऱ्याला डोळे मिटले.

"देसले, याला पाणी म्हणतात," ते दादांना म्हणाले. "आमच्या मोहन्याला नळाचं पाणी पिऊन पिऊन जिभेची वाट लागलीय. विहिरीचं पाणी ते विहिरीचं पाणी."

दादांची छाती फुगली. आपल्या बापाने ही विहीर कशी खणली, खडक कसा लागला, पहिलं पाणी आलं तेव्हा आईने त्यात नारळ कसा सोडला, हे सगळं त्यांनी व्याह्यांना सांगितलं. व्याही चौथा पेला पीत ऐकत होते. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात काका चेकरसाठी पाणी आणायला ओटीवर गेले आणि मोकळ्या हातांनी परत आले. मागोमाग वैशालीची मामी आली. पाहुण्यांच्या सरबराईचं खातं तिच्याकडे होतं. ती कौतुकाने सांगायला लागली की काशीभावजींनी, म्हणजे आमच्या काकांनी, व्याह्यांसाठी मुद्दाम शहरचं फिल्टरचं पाणी आणलं, केवढी दूरदृष्टी. तिने ते सगळंच्या सगळं नव्या माठांत वाळा घालून गार केलं होतं आणि फक्त मुलाकडच्यांना दिलं होतं. घरच्यांना आपलं विहिरीचं. कॅन धुऊन उन्हात पालथे घातले होते. "लाज राखलीत भावजी," ती म्हणाली.

म्हणजे मोहन्याची मंडळी जन्मभर जे पाणी नावं ठेवत प्यायली, तेच पाणी मुरबाडच्या पलीकडे येऊन डोळे मिटून प्यायली होती. मला हसू आवरेना. पण मी दादांकडे पाहिलं आणि हसू गिळलं. त्यांनी मामीचं सगळं ऐकलं होतं. थोड्या वेळापूर्वी फुगलेली छाती खाली बसली होती. ते आत गेले, तांब्याची कळशी भरून घेऊन आले आणि त्यांनी चेकरच्या वाडग्यात विहिरीचं पाणी ओतलं. निदान एका पाहुण्याने तरी खरं पाणी पिऊन दाखवावं, असं ते पुटपुटले.

चेकरने वाडग्याकडे पाहिलं. मग काकांकडे पाहिलं. मग तो वाडग्यापासून हातभर दूर जाऊन बसला.

माणसं गोळा व्हायला लागली. कुणी वाडगा बदलून पाहिला, कुणी पाण्यात गूळ टाकला, कुणी चेकरला चुचकारलं. चेकर धापा टाकत होता. जीभ पार बाहेर आली होती, बाजूने फेस दिसायला लागला होता. सकाळपासून मांडवात पोरांनी त्याला पळवलं होतं आणि पोटात पाणी नव्हतं. आता मोहन्याचे व्याहीही हातात पेला घेऊन बघायला आले आणि त्यांनी विचारलं, "एवढं गोड पाणी, आणि कुत्रा पीत कसा नाही हो?" दादांना जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं असणार.

मला कारण ठाऊक होतं. मी काकांच्या कानाशी लागलो. म्हटलं, काका, तुम्ही एक घोट घ्या ना, तो लगेच पिईल. काकांनी तोंड फिरवलं. मी पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, "नको." ओठ कोरडे पडले होते त्यांचे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कॅन रिकामे झाल्यापासून काकांनीही पाण्याचा थेंब घेतलेला नाही.

दादांच्या बायकोने, वहिनींनी, मला मांडवाच्या कडेला बोलावलं. त्यांनी सांगितलं ते असं. काका निवृत्त झाले तेव्हा कुणाला न विचारता विहिरीसाठी एक विजेचा पंप घेऊन आले होते. दादांना राग आला. पाणी तिकडे नळाचं प्यायचं आणि कारभार इथल्या विहिरीचा करायचा, असं ते बोलून गेले. विहिरीला हात लावायचा तर इथे राहून लाव, असंही म्हणाले. काकांनी भरल्या पानावरून उठून सांगितलं की मग या घरचं पाणी मी पिणार नाही. त्यावर कुणीच कुणाला समजावलं नाही. पंप अजून पडवीत गोणपाटात बांधून पडलाय. दादांनी तो लावला नाही आणि विकलाही नाही. काका त्यानंतर काल पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आले होते. ते कॅन चेकरचे नव्हतेच, वहिनी म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसून परत कामाला लागल्या.

मी धावत जाऊन काकांना म्हटलं की मी गाडी काढतो, मुरबाडहून बाटलीबंद पाणी घेऊन येतो. जाऊन येऊन तासाभराचं काम. काका चेकरसमोर उकिडवे बसले होते. त्यांनी त्याच्या पोटावर हात ठेवला होता आणि पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. "तासभर?" असं त्यांनी मला विचारलं. ते गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि गर्दीतून सरळ विहिरीकडे चालायला लागले. चेकर मागे, त्याच्या मागे आम्ही सगळे.

विहिरीच्या काठावर काका थांबले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट भावाशी बोलले.

"दादा, पाणी काढ."

दादांनी पुढे होऊन पोहरा सोडला. एक पोरगा दोर धरायला आला, त्याला त्यांनी कोपराने बाजूला केलं. स्वतः ओढला. काकांनी वाकून ओंजळ धरली, दादांनी पोहरा तिरका केला. चाखायला म्हणून एक घोट घ्यायचा असतो, पण काका पीतच राहिले. ना पाणी उजेडात धरलं, ना गालात फिरवलं. ओंजळ भरत होती, रिकामी होत होती, पाणी कोपरांवरून धोतराच्या सोग्यावर गळत होतं.

"हळू रं. ठसका लागंल," दादा म्हणाले.

मग काकांनी मान वर केली आणि आभाळाकडे बघत उभे राहिले. आम्ही सगळे श्वास रोखून. निर्धास्त आहोत की नाही हे बघायला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला. शेवटी त्यांनी डोळे पुसले आणि घोगऱ्या आवाजात डबल बेल दिली. चेकरने पोहऱ्यातच तोंड घातलं. असा प्यायला की पोहऱ्याचा तळ दिसला, मग दादांनी दुसरा काढला, तर त्यातलाही अर्धा प्यायला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मांडवाच्या दाराशी पेंगत बसलेल्या बँडवाल्यांना वाटलं नवरदेव आला, त्यांनी ताशासकट सगळा बँड सुरू केला. व्याही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की बघा, कुत्र्यालाही कळतं चांगलं पाणी. दादांनी त्यांना कडकडून मिठी मारली. एवढी विजयी मिरवणूक मी निवडणुकीतसुद्धा पाहिलेली नाही. विहिरीपासून मांडवापर्यंत पुढे बँड, मागे चेकर, त्याच्या मागे दोघं भाऊ. नवरदेव बिचारा आपला आपण आला.

लग्न लागलं. जेवणं झाल्यावर काका माझ्याशेजारी येऊन बसले. हातात चहाचा कप होता. थोडा वेळ ते वैशालीकडे बघत होते. मग म्हणाले, "चेकरसाठी प्यायलो असं दादाला वाटू दे. पण मिलिंद, तहान मलाही लागलेली रे." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हा माणूस इतक्या गावांचं पाणी प्यायला आणि एका विहिरीसाठी झुरत राहिला, आणि आम्ही त्याला विक्षिप्त म्हणून हसत होतो.

सकाळी मी निघायची तयारी केली. काका पडवीत होते. गोणपाट सोडलेलं, पंपाचे भाग चटईवर मांडलेले, हात ग्रीसने काळे. चेकर शेजारी आडवा. काकांनी वर न बघता सांगितलं की तू पुढे हो, इथे वायरमन मिळायची पंचाईत आहे, चार दिवस तरी जातील. दादाला म्हातारपणी दोर ओढवत नाही, हे काम कुणीतरी केलंच पाहिजे. भांडं रोज घासण्याबद्दल आणि चेकरच्या पाण्याबद्दल त्यांनी काहीच म्हटलं नाही.

मी गाडी सुरू केली तेव्हा बाळारामदादा खिडकीशी आले. आंब्यांची पाटी मागच्या सीटवर ठेवली आणि पडवीकडे एकदा बघून घेऊन खाली वाकले.

"वायरमन आपल्याच आळीत ऱ्हातो," ते हळूच म्हणाले. "मी त्याला सांगून ठेवलंय, मी बोलावल्याबिगर यायचं नाय."